सातबाऱ्यावरील नांव आणि गांवाची नजर

खातेदार मयत झाला म्हणजे वारसनोंद होते आणि मुलगे, मुली व विधवा यांचीं नांवें सातबाऱ्यास लागतात. कायद्याचें काम येथें संपतें. पुढें सहा महिने, वर्ष जातें, आणि एके दिवशीं दोघी-तिघी बहिणी भावाबरोबर तालुक्याच्या गांवीं दुय्यम निबंधकाच्या कचेरींत येतात, हक्कसोडपत्रावर सह्या करितात, भाऊ त्यांस जेवूं घालतो, लुगडें-चोळी करितो, आणि दिवेलागणीच्या आंत त्या आपापल्या सासरीं परततात. त्या दस्तावरून फेरफार पडतो व त्यांचीं नांवें कमी होतात. प्रस्तुत लेखकानें महसूल खात्याच्या नोकरींत असे फेरफार इतके पाहिले कीं, त्यांची गणती ठेविली नाहीं. त्यांपैकीं फारच थोड्या ठिकाणीं धाकदपटशा झाला असेल. बाकीच्या सह्या राजीखुशीच्याच, असें कागद म्हणतो. ती राजीखुशी येते कोठून, याचा थोडा विचार वाचकांपुढें ठेवावा, असा हेतु आहे.

कायदा या बाबतींत मागें राहिलेला नाहीं. 1956 च्या हिंदु वारसा कायद्यानें बापाच्या स्वतःच्या वांट्यांत मुलीस हिस्सा दिला. एकत्र कुटुंबाच्या मिळकतींतील जन्मतः हक्क मात्र मुलग्यांचाच राहिला. ती उणीव महाराष्ट्रानें 1994 सालीं दूर केली, परंतु तत्पूर्वीं लग्न झालेल्या मुली वगळल्या. 2005 च्या दुरुस्तीनें साऱ्याच मुलींस तो हक्क मिळाला, आणि त्या वेळीं बाप हयात असलाच पाहिजे असें नाहीं, हा खुलासा सर्वोच्च न्यायालयानें 2020 सालीं केला. इतकें होऊनहि, 2015-16 च्या कृषिगणनेंत देशांतील दर 100 वहितीदारांत स्त्रिया 14 हून कमीच भरल्या, व त्यांच्याकडील जमीन शेंकडा 12 च्याहि आंत. निंदणी, खुरपणी, वेचणी, दूधदुभतें यांत स्त्रियांचा हात किती असतो, तें शेतकरी बंधूंस मीं सांगावयास नको.

भावांचें म्हणणें असें कीं, लग्नांत खर्च झाला, आईबापांस आम्हीं सांभाळलें, आणि शिवाय जमिनीचे तुकडे होतील. आईबापांस सांभाळल्याचें म्हणणें रास्त आहे. त्याचा हिशेब वांटणींत अवश्य धरावा. तुकड्यांचें म्हणणें मात्र मला पटत नाहीं. 1947 चा तुकडेबंदीचा कायदा असतांहि चार भाऊ बांधावर उभे राहून बारा एकरांचे चार वांटे करितात, तेव्हां तुकड्यांची आठवण कोणास होत नाहीं. बहिणीचें नांव निघतांच ती होते!

बहिणीस विचारावें तर तिचें उत्तर एकच: "माहेर तुटेल." भाऊ तसें बोललेला नसतो. पण तिच्या आत्यानें सही केलेली असते, चुलत बहिणींनीं केलेली असते, आणि जिनें केली नाहीं तिचें नांव लग्नकार्यांत कशा सुरांत घेतलें जातें, तें तिनें आपल्या कानांनीं ऐकलेलें असतें. भावाचीहि तीच गत. बहिणीस हिस्सा द्यावा असें मनांतून वाटणारे भाऊ मला भेटले आहेत. एकानें मला स्पष्ट सांगितलें, "द्यायला हरकत नाहीं हो, पण भावकी हंसेल." नवल हें कीं, त्याच भावकींतील दुसरा गृहस्थ महिन्यापूर्वीं माझ्याजवळ तेंच बोलून गेला होता. दोघे एकमेकांस भीत होते, आणि दोघांसहि त्याची कल्पना नव्हती.

हें मी केवळ दुसऱ्यांविषयीं लिहितों आहें, असें कोणी समजूं नये. आमचे वडील 2001 सालीं वारले. आम्ही दोघे भाऊ व एक धाकटी बहीण. कायदा मला पाठ होता, आणि हक्कसोडपत्र मींच वाचून दाखविलें. सहीपूर्वीं तिनें माझ्याकडे पाहिलें व विचारलें, "दादा, करूं ना सही?" मीं हो म्हटलें नाहीं आणि नको असेंहि म्हटलें नाहीं, खिशांतलें पेन काढून तिच्या हातीं दिलें. आठ वर्षांनीं तिचा नवरा गेला. सासरची जमीन सासऱ्याच्या नांवें. हिच्या नांवें गुंठाभरहि नाहीं. सोसायटीचें पीककर्ज तिला मिळेना. गारपिटीची भरपाई आली, तीहि सातबाऱ्यावर ज्यांचें नांव त्यांस. दोन मुलांना घेऊन ती लोकांच्या शेतांत रोजानें गेली. मला तिनें आजपर्यंत एका शब्दानेंहि दोष दिलेला नाहीं.

शेजाऱ्याच्या बांधाकडे पाहून आपलें वागणें ठरविण्याची ही रीत आपल्याच मुलखाची आहे असें नव्हे. अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत संकरित मक्याचें बियाणें कसें पसरलें, याची चौकशी रायन व ग्रॉस या दोघा अभ्यासकांनीं दोन वस्त्यांतील शेतकऱ्यांकडे केली व ती 1943 सालीं प्रसिद्ध झाली. 1928 पासून 1941 पर्यंतच्या अवधींत 259 पैकीं दोघांखेरीज सर्वांनीं तें बियाणें घेतलें होतें. पण पहिलीं कित्येक वर्षें घेणारे अगदींच थोडे. मग एकाएकीं लाट आली. बियाण्याची बातमी बहुतेकांस विक्रेत्याकडून लागली, तरी मन वळलें तें शेजाऱ्यांच्या अनुभवावरून. आपल्याकडे ठिबक सिंचन याच वाटेनें शिवारांत आलें, हें ज्यांनीं पाहिलें त्यांस अधिक सांगणें नको. घरांतील स्त्रीचें नांव लावणें याहून अवघड. बियाणें फसलें तर एक हंगाम जातो. येथें मनुष्य हंसें होण्यास भितो, आणि तें भय हंगामाबरोबर सरत नाहीं.

या भयावरचा उतारा शेतकऱ्यांच्याच चळवळींत सांपडला. 1986 सालीं नाशिक जिल्ह्यांत चांदवड येथें शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचें मोठें अधिवेशन भरलें. पुढें कांहीं वर्षांनीं शरद जोशी यांनीं 'लक्ष्मीमुक्ति'चा कार्यक्रम मांडला. ज्या गांवांत 100 किंवा अधिक शेतकरी आपल्या जमिनीचा कांहीं भाग पत्नीच्या नांवें करितील, त्या गांवाचा लक्ष्मीमुक्त गांव म्हणून सन्मान व्हावयाचा होता. जळगांव जिल्ह्यांतील विटनेर हें अशा पहिल्या गांवांपैकीं एक. कचेरींत आम्ही कारकून मंडळी त्या शंभराच्या अटीस सोहळ्याची हौस म्हणून हंसत असूं. आतां वाटतें, सारी कळ त्या अटींतच होती. एकट्यानें बायकोचें नांव लाविलें तर तो गांवांत 'बाईलबुद्ध्या' ठरतो. शंभरांनीं एकदम लाविलें तर हंसावयास उरतो कोण? शिवाय सन्मान गांवाचा, तेव्हां मागें राहणाऱ्यासच शेजारी टोचूं लागले असतील.

सरकारनेंहि 1992 सालीं त्याच नांवाचें परिपत्रक काढलें. पतीनें स्वखुशीनें अर्ज दिल्यास पत्नीचें नांव सहधारक म्हणून सातबाऱ्यास लागतें. त्यासाठीं नोंदणीकृत दस्त लागत नाहीं. अर्ज गांवच्या तलाठ्याकडे, ज्यांस अलीकडे ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, द्यावयाचा. इतकी सोपी गोष्ट. पण ज्या गांवांत कोणी पुढें झालें नाहीं, तेथें तें परिपत्रक फाइलींत पिवळें पडलें. मीं स्वतः तें लाविलेल्या फाइलीस अनेक वर्षें दोरी बांधली आणि सोडली. माझ्या घरचा अर्ज मात्र लिहिला नाहीं.

गांवाचें हें वजन दुधारी आहे. वाळींत टाकणें हेंहि गांवच करितें, आणि त्यासाठीं 2016 सालीं महाराष्ट्रास स्वतंत्र कायदा करावा लागला. उलट कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामसभेनें मे 2022 मध्यें विधवांचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें वगैरे प्रथा बंद करण्याचा ठराव केला. अंत्यविधीच्या वेळीं एखादी सून एकटी "माझ्या बांगड्या फोडूं नका" असें म्हणती, तर तिचें कोणी ऐकतें कीं नाहीं, शंकाच आहे. ठराव गांवाचा म्हणून बोलणाऱ्यास आधार आला. सरकारनेंहि त्याच महिन्यांत इतर ग्रामपंचायतींनीं हेरवाडचा कित्ता गिरवावा असें कळविलें.

निवृत्त झाल्यावर मीं आमच्या आळींतील चौघांस एकत्र बसविलें. तीन बैठकी चहावरच गेल्या. एकाची आई आड आली, एकाचा जांवई. अखेर गेल्या वर्षीं चारी घरांचे अर्ज एकाच दिवशीं, एकाच वेळीं चावडींत दिले, म्हणजे पहिला कोण हा प्रश्नच उरूं नये. पारावर आठ दिवस थट्टा झाली. नंतर दोघे जण कागद कसा लिहावा तें विचारण्यास अंधार पडल्यावर घरीं आले. बहिणीचा हिस्सा बक्षीसपत्रानें परत करावा, हें बोलणें बंधूंशीं चालूं आहे. ते अद्याप राजी नाहींत, "आपणच कां आधीं?" असें विचारतात. भावकींतील सहा घरांनीं मिळून तसें करावें अशी खटपट आहे, पैकीं तीन कबूल झालीं.

दिवाळीस बहीण आली होती. नवा उतारा तिच्या वहिनीनें कौतुकानें तिला दाखविला. तिनें चष्मा लावून तो सावकाश वाचला, नांवावरून बोट फिरविलें, "बरें झालें, दादा," म्हणाली, आणि घडी घालून परत दिला.