सहा बाय चारच्या टेबलावर असई

नेपोलियनचा जन्म १५ ऑगस्ट १७६९ चा. त्याला वॉटर्लूला हरवणारा वेलिंग्टन त्याच वर्षी १ मे रोजी जन्मला. आणि माधवराव पेशव्यांनी सदाशिवरावभाऊंच्या स्मरणार्थ वसवलेल्या पुण्यातल्या सदाशिव पेठेचं सालही १७६९ च सांगतात. दोन सेनापती आणि एक पेठ, तिघं एका वयाचे!

नेपोलियनच्या काळातल्या लढाया छोट्या शिशाच्या नाहीतर प्लास्टिकच्या सैनिकांनी टेबलावर खेळायचा छंद युरोप-अमेरिकेत जोरात आहे. आपल्याकडे त्याची फारशी ओळख नाही. पण हा खेळ मांडायला पेठेइतकी योग्य जागा जगात फार थोडी असेल, असं माझं ठाम मत आहे. दुसरे बाजीराव १७९६ च्या डिसेंबरात पेशवे झाले. नेपोलियन त्याच वर्षी मार्चमध्ये इटलीच्या मोहिमेचा सेनापती झाला होता. बाजीरावांनी बांधलेला विश्रामबागवाडा १८०७ चा. त्या एका वर्षात तिकडे आयलाव आणि फ्रीडलंडच्या लढाया झाल्या आणि टिलझिटचा तहही झाला. म्हणजे बाजीराव रस्त्यावरून जाताना वाड्याचे कोरीव खांब पाहिलेत, तर तुम्ही नेपोलियनच्या ऐन भराच्या काळातलं लाकूडकाम पाहिलंत.

खेळ असा. सहा फूट बाय चार फुटांचं टेबल, त्यावर हिरवं कापड. कापडाखाली पुस्तकं सरकवली की टेकड्या, निळ्या पट्ट्या टाकल्या की नद्या. एक बाहुली म्हणजे साधारण वीस खरे शिपाई. पलटण किती पुढे सरकणार ते मोजपट्टी ठरवते, गोळीबारात किती पडणार ते फासे ठरवतात. आणि सगळ्यात महत्त्वाची चाचणी धीराची: मार खाल्लेली पलटण उभी राहणार की पाठ फिरवणार? त्यासाठीही फासा. दोघे एका बाजूला, दोघे दुसऱ्या बाजूला आणि एक पंच. पंच शांत डोक्याचा हवा, कारण नियमांवर वाद होणारच.

खरी गंमत तीन शस्त्रांच्या साखळीत आहे. पायदळाने चौकोन बांधला की घोडदळाचं काही चालत नाही. घोडा संगिनींच्या भिंतीवर जात नाही. पण दाटीने उभा असलेला तोच चौकोन तोफेला आयतं लक्ष्य मिळतो. मग तोफेसाठी चौकोन मोडावा, तर घोडदळ टपलेलंच. नेपोलियनच्या काळातला प्रत्येक सेनापती याच पेचात शत्रूला अडकवायला बघत होता, आणि टेबलावर पहिल्या तासात तो पेच तुमच्या गळ्यात पडतो.

आता लढाई कुठली? वॉटर्लू सगळेच खेळतात. पेठेने असई मांडावी.

२३ सप्टेंबर १८०३, आजच्या जालना जिल्ह्यातलं असई गाव. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा वेलिंग्टन. हाच वेलस्ली त्या वर्षी २० एप्रिलला पुण्यात आला होता. बाजीरावांचे भाऊ अमृतराव शहर जाळणार अशी खबर लागली म्हणून घोडदळ रातोरात दौडवत तो पोचला आणि मे महिन्यात त्याने पुण्यातून पळालेल्या बाजीरावांना परत गादीवर बसवलं. वॉटर्लूचा विजेता आपल्या गावात येऊन गेलाय, आणि हे शाळेत एका ओळीत उरकतात!

शिंद्यांचे कंपू, म्हणजे युरोपीय पद्धतीने कवायत शिकवलेल्या पलटणी, द बॉइन या सॅव्हॉयच्या माणसाने महादजींसाठी उभ्या केल्या होत्या. असईला त्यांचा म्होरक्या होता हॅनोव्हरचा पोलमन. कवायती पायदळ दहा हजारांच्या वर, तोफा शंभराच्या आसपास, आणि मागे प्रचंड घोडदळ. वेलस्लीकडे कंपनीची आणि इंग्लंडच्या राजाची नियमित फौज साडेचार हजारांच्या घरात, सोबत म्हैसूरचं आणि पेशव्यांच्या बाजूचं घोडदळ.

केळणा नदी ओलांडायला उतारच नाही, असं वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं. त्याने दुर्बिणीतून पाहिलं तर दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं. गावं अशी वसतात ती माणसं ये-जा करतात म्हणूनच, तेव्हा उतार असलाच पाहिजे, असा त्याने तर्क केला आणि फौज नदीत घातली. उतार होता! टेबलावर हे उतरवायची युक्ती सोपी आहे. उतार कुठे आहे तो पंचाने कागदावर लिहून खिशात ठेवायचा. वेलस्लीच्या खेळाडूला नकाशावर फक्त गावं दिसतील, बाकी अंदाज त्याचा.

पण मला असईत सर्वांत आवडतो तो पोलमन. बगलेवर इंग्रज आलेले दिसताच त्याने अख्खी रांग काटकोनात वळवून पुन्हा त्यांच्यासमोर उभी केली. हजारो माणसं, तोफा आणि बैल, तेही शत्रू समोर असताना. वेलस्लीला याची अपेक्षा नव्हती. मराठी पायदळ कवायतीत कमी होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा डाव एकदा तरी शिंद्यांच्या बाजूने खेळावा. चांगली नियमावली अशा वळणाला भरपूर दंड लावते. तो दंड सोसून रांग वळवून दाखवली की पोलमनचं कौतुक कळतं.

गोलंदाजांचीही एक जबरदस्त गोष्ट आहे. तोफा ताब्यात आल्या असं समजून इंग्रज पुढे गेले, तेव्हा तोफांपाशी मेल्यासारखे पडलेले काही गोलंदाज उठले आणि त्यांनी मागून तोफा डागल्या. म्हणून माझा आग्रह आहे की असईच्या खेळात पडलेले गोलंदाज टेबलावरून उचलायचे नाहीत. ते तिथेच आडवे ठेवायचे, आणि शिंद्यांच्या खेळाडूने नशिबाने सहा टाकला तर पुन्हा उभे करायचे.

शेवटी इंग्रज जिंकले. ९८ तोफा त्यांच्या हाती लागल्या, पण दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. वेलस्लीच्या मांडीखालचे दोन घोडे गेले. चौऱ्याहत्तराव्या हायलँडर पलटणीची तर जवळपास वाताहत झाली, आणि तिला पुढे हत्तीचं मानचिन्ह मिळालं. तुम्ही ती पलटण रंगवणार असाल, तर झेंड्यावर हत्ती काढायला पुढच्या डावापर्यंत थांबा. असईला तो नव्हता. आपण लढाईत केलेलं सर्वांत चांगलं काम कुठलं, या प्रश्नावर म्हातारपणी वेलिंग्टनचं उत्तर वॉटर्लू नव्हतं, असई होतं.

टेबलावरचं युद्ध आपल्याला परकं नाहीच. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळाचं चतुरंग इथलंच. १७८० मध्ये ब्रन्सविकच्या हेलविगने बुद्धिबळाचा पट फुगवून दीड हजारांहून जास्त घरांचा केला. मग प्रशियात राइसवित्झ बापलेक आले: वडिलांनी १८१२ मध्ये राजाला खेळाचं टेबल करून दिलं, मुलाने १८२४ मध्ये तोच खेळ नकाशावर आणला. त्यात एक खेळी म्हणजे दोन मिनिटांचा काळ. लष्कराने तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी घेतला. सामान्य माणसासाठी नियम छापले ते विज्ञानकथाकार एच. जी. वेल्सने, १९१३ मध्ये. त्याच्या खेळात फासे नव्हते. खेळण्यातल्या तोफेतून लाकडी गोळी उडवून शत्रूचे शिपाई खरोखर पाडायचे!

आणि दिवाळीतला किल्ला? पोती, विटा, चिखल, वर पेरलेले अळीव, आणि कुंभारवाड्यातून आणलेले मावळे. किल्ल्याच्या दरवाजापेक्षा मावळा उंच, आणि सिंहासनावरचे महाराज बुरुजाएवढे. मोठी माणसं यावर हसतात. त्यांनी हसू नये. लंडनच्या क्लबात खेळणाऱ्यांचंही हेच आहे: बाहुली २८ मिलिमीटरची, पण जमिनीचं माप इतकं आखडलेलं की एक घर मांडलं की ते आख्खं गाव धरायचं. माणूस दिसला पाहिजे म्हणून मोठा, मैदान टेबलावर मावलं पाहिजे म्हणून लहान. पेठेतली मुलं हा तोडगा कुणी न शिकवता दर वर्षी काढतात.

दिवाळीवरून आठवलं. २५ ऑक्टोबर १८०२ ला, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेला हरवलं. किल्ल्याशेजारी मांडायला याहून चांगली लढाई शोधून सापडणार नाही. सैन्यं, सरदार, पत्रव्यवहार असं काही खोदायचं असेल तर १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ पेठेतच आहे. ब्रश-रंग अप्पा बळवंत चौकात.

असई आणि हडपसर झाल्यावर खडकी मांडा, ५ नोव्हेंबर १८१७. बाजीराव पर्वतीवरून बघत होते, मैदानात बापू गोखले. हेच बापू १८०३ च्या मोहिमेत पेशव्यांचं घोडदळ घेऊन वेलस्लीच्या बाजूला होते. खडकीला मराठ्यांचं घोडदळ हल्ल्याला सुटलं आणि इंग्रजांच्या फळीपुढच्या दलदलीत रुतलं. टेबलावर त्या दलदलीसाठी एक तपकिरी रुमाल पुरतो. मात्र तो हिरव्या कापडाच्या खाली घालायचा, आणि जागा फक्त पंचाला माहीत हवी.