वणवा विझविणाऱ्यांची सुरक्षितता

होळीचे दिवस जवळ आले की डोंगरउतारावरील गवत वाळून पिवळे पडते, झाडांखाली पाचोळ्याचा थर साचतो आणि वणव्याचा हंगाम सुरू होतो. महाराष्ट्रात साधारणपणे फेब्रुवारीच्या मध्यापासून पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत ही भीती असते. वणव्यामुळे गायरानातील चारा नष्ट होतो, बांधावरची झाडे होरपळतात आणि रानालगतच्या गंजी, गोठे व खळी धोक्यात येतात. म्हणूनच धूर दिसताच गावातील तरुण हाती लागेल ते घेऊन डोंगराकडे धाव घेतात. हा उत्साह स्तुत्य आहे. परंतु त्याला शिस्तीची जोड नसेल तर चारा वाचविण्याच्या धडपडीत माणूस गमावण्याची पाळी येते. ८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यातील नागझिऱ्याच्या जंगलात आग विझविताना तीन वनमजुरांना प्राणास मुकावे लागले. नित्य जंगलात वावरणाऱ्या माणसांची ही गत होते, तर अननुभवी ग्रामस्थांनी किती सावध असावे, हे सांगणे नको. आग विझविण्याची पद्धत आणि ती विझविणाऱ्याची सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाचे आहे.

आग कशी धावते?

वणव्याची गती तीन गोष्टींवर अवलंबून असते: जळण, वारा आणि चढ. वाळलेले गवत बारीक असल्याने क्षणात पेटते. जाड ओंडका सावकाश पण दीर्घकाळ जळतो. वाऱ्याने ज्वाळा पुढे झुकतात व पुढचे गवत आधीच तापून पेट घेण्यास तयार होते. चढावरही हेच घडते. सपाटीपेक्षा दहा अंशांच्या चढावर आगीची गती जवळजवळ दुप्पट होते व चढ आणखी दहा अंशांनी वाढला की ती पुन्हा दुप्पट होते, असा ठोकताळा आहे. माणसाचे नेमके उलट असते. चढावर त्याची गती मंदावते व दम लागतो. म्हणून डोंगर चढून आगीपासून पळणे ही शर्यत बहुधा आगच जिंकते.

दिवसा ऊन तापले की वारा दरीतून वर वाहतो, सूर्यास्तानंतर तो पालटून खाली उतरू लागतो. दुपारी बारा ते चार ही वेळ सर्वांत घातक. पहाटे हवेत ओल व गारवा असल्याने आग मंद असते. दुपारी आग आवरत नसेल तर ती रस्त्यापर्यंत किंवा ओढ्यापर्यंत येऊ द्यावी व तेथे अडवावी. यात कमीपणा नाही.

आगीवर चाल कोठून करावी?

प्रत्येक वणव्यास डोके, दोन बगला आणि शेपूट असते. वाऱ्याच्या किंवा चढाच्या दिशेने धावणारी बाजू म्हणजे डोके. नवखा माणूस नेमका तेथेच जाऊन उभा राहतो. ही सर्वांत मोठी चूक होय. कामास सुरुवात शेपटाकडून करावी. जळून गेलेली जमीन, रस्ता, नांगरलेले शेत किंवा खडक यांचा आधार धरावा आणि तेथून एका बगलेने आग विझवीत डोक्याकडे सरकावे. एक पाय जळालेल्या जमिनीजवळ असावा, हे सूत्र कधीही सोडू नये. जेथे गवत जळून गेले तेथे आग पुन्हा पेटत नाही. तीच जवळची सुरक्षित जागा. मात्र पेटलेले बुंधे, पोकळ झाडे व वरून गडगडणारे दगड यांपासून तेथेही सावध राहावे.

ज्वाळा सुमारे चार फुटांपर्यंत असतील तरच हिरव्या फांद्या, ओली पोती, फावडी व पाण्याने भरलेला फवारणी पंप यांनी थेट आग विझविता येते. औषध फवारलेला पंप आधी स्वच्छ धुतलेला असावा. फांदी उंच उगारून आपटल्यास ठिणग्या उडतात. ती दाबून व जळालेल्या भागाकडे ओढून आग गुदमरवावी. ज्वाळा याहून उंच असतील तर पुढे अंतर राखून गवत कापून व खरवडून जाळरेषा काढावी. समोरून उलट आग लावणे हे अनुभवी वनकर्मचाऱ्यांचे काम आहे. ग्रामस्थांनी स्वतःच्या मताने ते मुळीच करू नये.

चार गोष्टी पक्क्या कराव्यात

अमेरिकेतील अनुभवी वन-अग्निशामक पॉल ग्लीसन यांनी १९९१ साली सुरक्षिततेची चार सूत्रे मांडली. आपल्या गावपथकासही ती जशीच्या तशी लागू पडतात.

१. टेहळ्या : आग व माणसे दोन्ही दिसतील अशा जागी एक जाणता माणूस उभा करावा. त्याने विझविण्याचे काम करू नये. वारा, धूर व ज्वाळा यांवर नजर ठेवावी.

२. इशारा : शिट्टीचे संकेत आधी ठरवावेत. मोबाईलला डोंगरात रेंज मिळेलच असे नाही. तीन लांब शिट्या म्हणजे ‘काम टाका, मागे या’, असा एकच स्पष्ट अर्थ ठेवावा.

३. सुटकेची वाट : शक्यतो दोन वाटा हेरून ठेवाव्यात. त्या उताराच्या किंवा सपाटीच्या असाव्यात, चढाच्या नसाव्यात.

४. सुरक्षित जागा : जळालेले मोठे पट्टे, नांगरट, रुंद खडक. अरुंद घळ व खिंड मात्र टाळावी. ती धुराड्याप्रमाणे आग वर खेचते.

या चारांपैकी एकही गोष्ट पक्की नसेल तर पथकनायकाने काम सुरू करू नये.

पोशाख

अंगभर सुती कपडे घालावेत. नायलॉन, टेरिलीनचे कापड वितळून कातडीस चिकटते. रबरी चपलांऐवजी चामडी जोडे घालावेत. नाकातोंडावर कोरडा सुती रुमाल बांधावा; ओल्या रुमालातून तापलेली वाफ श्वासात जाण्याचा संभव असतो. प्रत्येकाजवळ पिण्याचे पाणी असावे. लहान मुले, दमेकरी, हृदयविकारी व मद्य घेतलेली व्यक्ती यांना पथकात घेऊ नये.

सरावाचे महत्त्व

५ ऑगस्ट १९४९ रोजी अमेरिकेच्या मॉन्टाना राज्यातील मान गल्च या घळीत सोळा जण गवताच्या वणव्यात सापडले. आगीने खालची वाट अडविल्यामुळे ते चढावर धावू लागले. आग मागून गाठणार हे ओळखून नायक वॅग्नर डॉज यांनी पुढचे गवत स्वतःच पेटविले आणि त्या जळालेल्या जागेत येण्यासाठी सहकाऱ्यांना हाक दिली. असा प्रकार कोणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे कोणीही तेथे थांबले नाही. डॉज त्या राखेत पालथे पडून वाचले. आणखी दोघे खडकाच्या फटीतून निसटले. तेरा तरुण मृत्युमुखी पडले. जळालेली जमीन माणसास वाचविते आणि आधी सराव नसलेली आज्ञा ऐन वेळी उमगत नाही, असे दोन धडे यातून मिळतात.

म्हणून ग्रामकार्यकर्त्यांनी जानेवारीतच आठ-दहा जणांचे पथक बनवून वनरक्षकांच्या उपस्थितीत सराव घ्यावा. डोंगरावर नेऊन शिट्टीबरोबर काम टाकून मागे येण्यास किती वेळ लागतो, तो मोजावा. जाताना व येताना माणसांची मोजदाद करावी. नायकाची आज्ञा अंतिम मानावी. पथक निघण्यापूर्वी वनविभागास व अग्निशमन दलास (१०१) वर्दी द्यावी.

अपघात झाल्यास

कपड्यांनी पेट घेतला तर धावू नये. थांबावे, जमिनीवर पडावे, लोळावे. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे थंड पाणी सोडावे. हळद, शाई, टूथपेस्ट किंवा तेल लावू नये. चिकटलेले कापड ओढून काढू नये. स्वच्छ कापडाने सैल झाकून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उष्णतेने चक्कर आलेल्या माणसास सावलीत नेऊन अंग ओले करावे व वारा घालावा. शुद्धीवर असल्यासच पाणी पाजावे.

आग विझल्यानंतर कडेचे बुंधे, ओंडके व वाळलेले शेण पाणी-माती टाकून थंड करावे व दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फेरी मारावी.

जळालेले गवत पहिल्या पावसासरशी पुन्हा उगवते. गेलेला माणूस परत येत नाही. शिट्टी वाजताच मागे सरणे हा भ्याडपणा नसून पथकाचे कर्तव्य आहे, ही जाणीव प्रत्येक तरुणाच्या मनात हंगामापूर्वीच रुजविणे हे ग्रामकार्यकर्त्यांचे पहिले काम होय.