घरातली खुडबूड

सुट्टीच्या दिवशी सकाळी दुसरा चहा झाला की घरातला एखादा माणूस उठतो आणि उगाच इकडेतिकडे करू लागतो. फडताळ उघडतो, बंद करतो. खिडकीची कडी हलवून पाहतो. खुंटीवरची पिशवी उतरवून आत काय आहे ते बघतो. कोणी विचारले, "काय चाललंय?" तर उत्तर ठरलेले असते, "काही नाही, जरा खुडबूड." मंडळी, या 'काही नाही'विषयीच आज तुमच्याशी थोडे बोलायचे आहे.

आपल्या भाषेने इथे शब्दांची वाटणी छान केली आहे. खटपट म्हणजे काहीतरी साधण्यासाठी केलेली धडपड. लुडबूड म्हणजे दुसऱ्याच्या कामात नसता हात घालणे. खुडबुडीत यातले काहीच नाही. ती आपल्याच घरात, आपल्याच वस्तूंशी चालते आणि ती संपली पाहिजे असा कुणाचा आग्रह नसतो.

ती चालते कशी ते पाहा. तुम्ही सुतळीचा तुकडा शोधायला खिळ्यांचा डबा उघडता. सुतळी मिळत नाही, पण एक चांगला स्क्रू हाती लागतो. तो पाहताच दाराची सैल झालेली बिजागरी आठवते. ती आवळताना दार करकरते हे ध्यानात येते, म्हणून खोबरेल तेलाची बाटली आणायला स्वयंपाकघरात जाता. तिथे नळ ठिबकताना दिसतो. तासाभराने दार करकरत नाही, नळाचा वायसर बदललेला असतो आणि सुतळी राहिली ती राहिलीच. काम ठरवून निघालेल्या माणसाला हा सगळा घोटाळा वाटेल. पण यात एक क्रम आहे. पुढचे काम कोणते, हे तुम्ही ठरवलेले नसते, ते घराने दाखवलेले असते. तुम्ही फक्त डोळे उघडे ठेवून हात रिकामे ठेवलेत.

आता कोणी म्हणेल, "मास्तर, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यातलाच हा प्रकार." या म्हणीचा अर्थ जरा नीट पाहू. तुंबडी लावणे हा अंगातले दूषित रक्त ओढून काढण्याचा जुना उपचार. तो गावात न्हावी करीत असे. गिऱ्हाईक नसले म्हणून भिंतीला तुंबडी लावली तर हसे व्हायचेच, कारण भिंतीला रक्त नाही आणि दुखणेही नाही. करकरणाऱ्या दाराला मात्र तेल खरोखरच हवे असते. म्हण निरर्थक कामाला हसते, खुडबुडीला नव्हे. गरज नसताना चालते घड्याळ उघडून बसणारा माणूस मात्र त्या म्हणीत बरोबर बसतो!

आमच्या उत्तर कोकणात, वसईच्या पूर्वेला सातिवली-गोखिवऱ्यापासून तुंगारेश्वरच्या पायथ्यापर्यंत, कौलारू घराला या खुडबुडीचीच राखण असे. पावसाळ्यापूर्वीची शाकारणी हे ठरवून केलेले काम. त्याला माणसे लागत, दिवस लागत. पण कोणते कौल सरकले आहे, कुठला वासा वाळवीने पोखरला आहे, पन्हळीत कुठे पाला अडकला आहे, हे त्याआधी कुणीतरी सहज फिरताना पाहिलेले असे. पडवीत बसून कोयत्याला धार लावताना आजोबांची नजर आढ्यावर जाई. आजी सरपण रचता रचता कुडाच्या भिंतीचा उडालेला गिलावा बघून ठेवी आणि शेण-मातीचा हात फिरवी. अशा घराला वर्षातून एकदा गवंडी आणून भागत नसे. कोणीतरी रोज त्याच्या अंगाखांद्यावरून हात फिरवायला लागे.

गेल्या काही दशकांत या भागाचे रूप पालटले. सातिवलीच्या आसपास कारखान्यांचे गाळे उभे राहिले, चाळी आणि इमारती आल्या. वसई-विरार महानगरपालिका २००९ साली झाली आणि २०१४ साली पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. सिमेंटचे छप्पर शाकारावे लागत नाही, ही सोय मोठीच. तिच्याविरुद्ध मला काही म्हणायचे नाही. पण पडवी गेली, माळा गेला आणि खिळ्यांचा डबा ठेवायला जागा उरली नाही. गाळ्यात आठ-दहा तास यंत्राच्या चालीने हात चालवणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशी आपल्या चालीने हात चालवायला काही मिळत नाही. मग तो भ्रमणध्वनीवर बोट फिरवीत बसतो, आणि संध्याकाळी उठतो तो सकाळपेक्षा थकलेला.

असे का होते? मेंदूला विश्रांती हवी म्हणजे नुसते बसणेच हवे असे नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नेहमीच्या वापरातल्या वस्तूचे वेगळे उपयोग किती सुचतात, ते लोकांना विचारले. मग काहींना मध्येच डोके गुंतवणारे काम दिले, काहींना अगदी सोपे, काहींना नुसते बसवले आणि काहींना उसंतच दिली नाही. पुन्हा तेच प्रश्न विचारले तेव्हा सोपे काम केलेल्यांची प्रगती सर्वांत चांगली दिसली. हात हलक्या कामात असला की मन मोकळे हिंडते आणि अडलेल्या गोष्टीकडे नव्या बाजूने येते. एका प्रयोगावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत हे खरे. पण शेंगा सोलता सोलता अडलेला हिशेब ज्याला सुटला आहे, त्याला यात नवल वाटणार नाही.

इथवर ऐकून घरातली बाई मनात म्हणत असेल, "अहो, मला सांगा की खुडबूड कधी करायची!" तिचे म्हणणे रास्त आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. पुरुषाची ९७ मिनिटे. तीही घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची. असे पुरुष शंभरात सव्वीसच्या आसपास निघाले, तर स्त्रिया एक्याऐंशी. बाई दिवसभर घरात वावरते, वस्तू इकडच्या तिकडे करते; लांबून बघणाऱ्याला ती खुडबूडच वाटते. पण तिला डाळ आत्ताच शिजवायची आहे, पाणी आत्ताच भरायचे आहे. ज्या कामाला घड्याळ आणि धाक आहे ती खुडबूड नव्हे. पुरुषाची खुडबूड हा छंद आणि बाईची खुडबूड हे कर्तव्य, अशी वाटणी ज्या घरात आहे तिथे सुट्टी एकालाच मिळते. म्हणून गृहस्थांनो, बिजागरी जरूर आवळा. पण त्याआधी ओट्यावरची भांडी घासून टाका. मग बाईलाही जुन्या साड्यांचे गाठोडे सोडून गोधडीचे तुकडे जुळवत बसता येईल, किंवा कुंडीतली माती उकरता येईल. काहीच न करता खिडकीशी उभे राहता आले तरी चालेल.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तिसरी गोष्ट खास तुमच्यासाठी. घरात खरी खुडबूड करणारे असते ते लहान मूल. डब्याची झाकणे लाव, काढ. पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओत. आपण त्याला "लुडबूड करू नकोस" म्हणून उठवतो. आपल्याच पालघर जिल्ह्यात या खुडबुडीचे शिक्षण करून दाखवणाऱ्या दोन बाई होऊन गेल्या. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ साली ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. इटलीच्या मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये मुलांना झाडणे, ओतणे, बटणे लावणे अशी कामे आपल्या मर्जीने करू दिली होती. तो विचार ताराबाईंनी खेड्यात आणला. महागडी साधने परवडणारी नव्हती, तेव्हा खडे, बिया, पाने, शिंपले अशी भोवताली मिळणारी साधने वापरली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. मूल निवडते, हाताळते, चुकते, पुन्हा करते आणि त्यातून शिकते, ही त्यामागची दृष्टी. तुमच्या वर्गाच्या एका कोपऱ्यात असा एक खोका ठेवून पाहा: सुतळी, करवंट्या, बिया, एखादे बंद पडलेले कुलूप आणि त्याची किल्ली. आठवड्यातून एक तास त्यावर प्रश्न नको आणि गुणही नकोत.

शेवटी चार व्यवहाराच्या गोष्टी. घर दोन खोल्यांचे असले तरी एक पत्र्याचा डबा राखून ठेवा. त्यात हातोडी, पकड, पेचकस, खिळे, सुई-दोरा, सुतळी आणि तेलाची लहान बाटली असावी. विजेच्या कामात खुडबूड चालत नाही, तिथे वायरमनलाच बोलवा. ज्याला अख्खा दिवस लागेल ते काम सहज म्हणून उघडू नका. त्यासाठी वेगळा दिवस ठरवा. दुसऱ्याची वस्तू विचारल्याशिवाय फेकू नका, नाहीतर खुडबुडीचे भांडण होते. आणि संध्याकाळी कोणी विचारले, "आज दिवसभर काय केलंत?" तर खुशाल सांगा, "काही नाही." त्या दिवशी घराचे दार न करकरता उघडेल, तेवढी साक्ष पुरे.