गल्लीचे डोळे

कडोली परिसरातून बेळगावला पीयूसीच्या शिकवणीस जाणारी एक मुलगी वारंवार पोटदुखीची तक्रार घेऊन माझ्याकडे येत असे. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सर्व तपासण्या निर्दोष. दोनदा मी आम्लपित्ताचे औषध लिहून दिले. तिसऱ्या खेपेस आईला बाहेर बसवून विचारपूस केली, तेव्हा ती म्हणाली, "दुकानं उघडी असतात तिथवर काय वाटत नाही, डॉक्टर. पुढचा बोळ आला की पोटात गोळा येतो." कोणीतरी रोज तिच्या मागून चालत असे. घरी सांगितले तर शिकवणीच बंद होईल, या धास्तीने ती गप्प होती. निदान चुकले होते आणि ती चूक माझी होती.

बेळगावचे मध्यवर्ती बसस्थानक किल्ल्यालगत आहे. किल्ल्यात तेराव्या शतकातील कमल बस्ती. पलीकडे खडे बाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली. ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेने कर्नाटकातील स्त्रियांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास मिळू लागला आणि तिकिटाचा अडसर दूर झाला. परंतु बस स्थानकापर्यंतच आणते. पुढची वाट पायीच चालावी लागते.

अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये मांडले की, रस्ता सुरक्षित ठेवतात ते दुकानदार, रहिवासी व येणारे-जाणारे यांचे डोळे. आपल्या जुन्या गल्ल्यांतील ओटे आणि दारातली दुकाने हेच काम करीत आली आहेत. मात्र नजर असणे पुरेसे नाही. ती कशी आहे, हेही महत्त्वाचे. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेस निघण्यापूर्वी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथील भाषणात सांगितले होते की, रस्त्याने जाताना ओसरीवर बसलेले प्रतिष्ठित लोकच त्यांची टवाळी करीत. डोळे तेव्हाही होतेच, आधार नव्हता.

आपण डॉक्टर मंडळी काय करू शकतो? पहिली गोष्ट, किशोरवयीन मुलीशी काही मिनिटे एकान्तात बोलावे. परिचारिका दृष्टीच्या टप्प्यात असावी. दुसरी, आपले अनेक दवाखाने याच गल्ल्यांत रात्रीपर्यंत उघडे असतात. बाहेरचा दिवा तेवत ठेवावा आणि घाबरून आत आलेल्या स्त्रीला प्रथम खुर्ची व पाणी द्यावे, ११२ क्रमांकावर फोन लावून द्यावा, प्रश्न नंतर. तिसरी गोष्ट कायद्याची. बलात्कारपीडितेवर विनामूल्य व तात्काळ उपचार करणे खासगी रुग्णालयासही बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आहे. त्याच संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदविता येते. 'ही आमची हद्द नव्हे' हे उत्तर तिला ऐकावे लागू नये.

त्या मुलीच्या आईवडिलांशी मी तिच्या संमतीने बोललो. वडील आठवडाभर त्या वाटेने गेले, कोपऱ्यावरच्या औषध दुकानदाराशी बोलले. त्यांनी बोळाच्या तोंडाशी दिवा लावला आणि "बाळ, काही वाटलं तर सरळ आत ये" असे तिला सांगितले. पोटदुखी थांबली. शिकवणी सुरू राहिली आणि पुढे ती एकटीच जाऊ लागली.

औषध दुकानदाराने दिले. मी फक्त उशिरा का होईना, ऐकून घेतले.