बर्फ बदलला की वळणही बदलतं

मे महिन्यात भिलाईचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि शहराची समुद्रसपाटीपासूनची उंची जेमतेम ३०० मीटर आहे. इथे स्कीइंगची चर्चा कुणाला विचित्र वाटेल. पण काश्मीर आता भिलाईपासून पूर्वीइतकं दूर राहिलेलं नाही. दुर्गहून उधमपूरला थेट गाडी आहे आणि जून २०२५ मध्ये कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाली. त्या मार्गावरच्या चिनाब पुलासाठी सेल या सरकारी पोलाद कंपनीने सुमारे १६,००० टन पोलाद पुरवलं आणि त्यात भिलाईच्या कारखान्याचा मोठा वाटा होता. सेक्टरांमधल्या मराठी घरांतून गुलमर्ग किंवा औलीचा बेत आखला जातो तेव्हा चार दिवसांच्या स्की शिबिराची चौकशीही होते.

आणि तिथे एक अनुभव बहुतेक नवशिक्यांना येतो. दाबून सपाट केलेल्या उतारावर दोन दिवसांत वळणं जमू लागतात. रात्री ताजा बर्फ पडतो आणि सकाळी काहीच जमत नाही. "आपल्या पायांत ताकद नाही," असा निष्कर्ष काढून माणूस चहाच्या टपरीकडे वळतो. प्रत्यक्षात पाय तेच असतात. बदललेला असतो तो खालचा पदार्थ.

बर्फ म्हणजे एकच वस्तू, ही स्कीइंगमधली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात महागात पडणारी गैरसमजूत. नुकत्याच पडलेल्या कोरड्या बर्फाच्या एका घनमीटरचं वजन ५० ते १०० किलो असतं, तर यंत्राने दाबलेल्या उतारावर ते ४०० किलोच्या वर जातं. शिवाय बर्फ सतत बदलत राहतो, कारण तो नेहमी वितळण्याच्या काठावरच असतो. उणे ५ अंशांवरचा बर्फ केल्व्हिन मापनात आपल्या वितळणबिंदूच्या ९८ टक्क्यांवर असतो. पोलादाला त्याच स्थितीत न्यायचं तर सुमारे १,४६५ अंश सेल्सियसपर्यंत तापवावं लागेल. भट्टीजवळ काम केलेल्या माणसाला त्या तापमानाचं पोलाद किती चंचल असतं ते ठाऊक आहे. भिलाईच्या सिंटर प्लांटमध्ये लोहखनिजाची भुकटी तापवून तिचे कण एकमेकांना चिकटवतात. हिमकण त्याच नावाच्या प्रक्रियेने, पण न वितळता, थंडीतच एकमेकांना चिकटतात. म्हणून संध्याकाळी यंत्र फिरवलेला मऊ उतार सकाळी टणक झालेला असतो.

स्की मुळात घसरते का, याविषयीही एक चुकीचं उत्तर वर्षानुवर्षं शिकवलं गेलं आहे: माणसाच्या वजनाने बर्फावर दाब पडतो, दाबामुळे तो वितळतो आणि पाण्यावरून स्की सरकते. हिशोब करून पाहावा. ७० किलोचा माणूस, १७० सेंटिमीटर लांब आणि सरासरी ८ सेंटिमीटर रुंद अशा दोन स्की. बर्फावर पडणारा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण चाळीसाव्या भागाइतका भरतो. वितळणबिंदू अवघ्या एका अंशाने खाली आणायला मात्र हवेच्या दाबाच्या १३० पटींहून अधिक दाब लागतो. एफ. पी. बोडन आणि टी. पी. ह्यूजेस यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं की मुख्य काम घर्षणाच्या उष्णतेचं आहे. त्यांचे काही प्रयोग स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखच्या बर्फात झाले होते. उतरणाऱ्याच्या दृष्टीने यातून निघणारी गोष्ट सोपी आहे. कडाक्याच्या थंडीत पाण्याचा थर नीट तयार होत नाही, स्की अडखळत चालते. दुपारच्या उन्हात पाणी जास्त होतं आणि तेच तळाला ओढून धरतं. तळाला लावायचं मेण तापमानानुसार निवडतात ते यासाठीच.

आता ताज्या, भुसभुशीत बर्फाकडे. "पुढची टोकं बुडतात, म्हणून मागे रेलायचं," हा सल्ला मित्रांकडून हमखास मिळतो. मागे रेललं की टोकं वर येतात हे खरं, पण स्कीचा पुढचा अर्धा भाग निकामी होतो. वळण सुरू होतं ते त्याच भागाने. सगळा भार मांड्यांवर येतो आणि थोड्याच उतारानंतर पाय थरथरायला लागतात. खोल बर्फात शरीर पायांच्या मधोमधच ठेवायचं, घोटे आणि गुडघे लवचिक ठेवायचे. सपाट उतारावर बाहेरच्या पायावर जास्त भार देण्याची सवय इथे सौम्य करावी लागते. एकाच स्कीवर वजन टाकलं तर ती बुडते आणि दुसरी वर तरंगत राहते, मग दोघींच्या वाटा वेगळ्या होतात. दोन्ही पाय थोडे जवळ, भार जवळपास सारखा आणि वळण सावकाश, गोल. टाचा झटक्याने बाहेर फेकून वळायची सपाट उतारावरची युक्ती इथे चालत नाही, कारण बाजूचा बर्फ स्कीला अडवतो. थोडा वेगही हवा. अतिशय हळू जाणारी स्की खोल बर्फात वर येतच नाही, त्यामुळे भीतीने केलेला संथपणा काम अवघड करतो. पायाखाली १०० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असलेली स्की भाड्याने मिळाली तर ती घ्यावी. तिने कौशल्य येत नाही, पण शिकणं सुसह्य होतं.

टणक, बर्फाळ उताराचे नियम वेगळे. तिथे घाबरलेला माणूस डोंगराच्या बाजूला झुकतो. जमीन जवळ आल्यासारखी वाटते, म्हणून सुरक्षित वाटतं. होतं उलटं: बाहेरच्या, म्हणजे दरीकडच्या स्कीवरचा भार निघून जातो, तिची कड सुटते आणि माणूस कुशीवर आपटतो. पाय आणि गुडघे डोंगराकडे कलते ठेवून वरचं अंग बाहेरच्या स्कीवर राखणं, ही टणक बर्फावरची खरी विद्या. "कड जोरात रोवली की पकड मिळते," हाही अर्धवट समज आहे. झटक्याने रोवलेली कड उसळते आणि निसटते. दाब हळूहळू वाढवत नेला तर ती पकडते. शर्यतीचे उतार तर मुद्दाम पाणी मुरवून कठीण केले जातात, म्हणजे सगळ्या स्पर्धकांना मार्ग शक्य तितका सारखा मिळतो.

कडेचा विषय निघाला की भिलाईकर वाचकाचा जीव रमावा, कारण ही कड पोलादाची असते. साल्झबर्गच्या रुडॉल्फ लेटनरने १९२० च्या दशकात लाकडी स्कीला पोलादी पट्ट्या बसवल्या आणि टणक बर्फावर उतरणं नव्याने शक्य झालं. आजची कडही उच्च कार्बनच्या पोलादाची असते. ती दगडावर घासली तर तेवढी जागा क्षणात तापते आणि लगेच थंड होते. असं झटकन थंड झालेलं पोलाद कडक होतं, हे उष्णतोपचाराच्या खात्यात काम केलेल्याला सांगावं लागत नाही. त्या डागावर साधी कानस फिरवली तर ती नुसती घसरते. आधी हिऱ्याच्या कणांचा दगड लावून तो कडक भाग आणि उठलेली धातूची कोर काढायची, मग कानस. भाड्याची स्की हातात आली की कडेवरून नख आडवं ओढून पाहावं. नखाचा बारीक कीस निघाला नाही तर धार गेली आहे आणि टणक उतारावर तंत्राला दोष देण्यात अर्थ नाही.

बुटांबाबत मात्र पर्यटक हटकून चुकतात. सैल बूट आणि दोन जाड मोजे आरामदायी वाटतात, पण पायाची हालचाल स्कीपर्यंत पोहोचायच्या आतच विरून जाते, आणि घट्ट कोंबलेल्या मोज्यांनी रक्ताभिसरण मंदावून बोटं उलट गार पडतात. एकच पातळ मोजा, नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकलेली, टाच न उचलणारी. बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगचा आकडा दुकानदाराच्या अंदाजावर सोडू नये. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून ठरतो. तो फार जास्त असेल तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो.

दुपारचा ओला, जड बर्फ मऊ म्हणून निर्धोक वाटतो. सावलीतून उन्हात येताच स्की एकदम अडते आणि शरीर पुढे जातं. तिथे दोन्ही पायांवर भार ठेवून लांब वळणं घ्यावीत आणि पाय थकले की थांबावं.

गुलमर्गच्या बाबतीत एक गोष्ट आग्रहाने सांगायला हवी. तिथला गोंडोला दुसऱ्या टप्प्यात अफरवट पर्वतावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो आणि वरचे बहुतेक उतार न दाबलेले, नैसर्गिक आहेत. "ओरडल्याने हिमस्खलन होतं, शांत राहिलं की झालं," असं अजूनही सांगितलं जातं. माणसाच्या आवाजात तेवढा जोर नसतो. बर्फाच्या कमकुवत थरावर पडलेला माणसाचा भार पुरेसा असतो, आणि जीवघेण्या अपघातांत बहुतेक वेळा स्खलन सुरू करणारा तो स्वतः किंवा त्याच्या गटातलाच कुणी असतो. ३० ते ४५ अंशांचा उतार यासाठी सर्वांत धोक्याचा, आणि चांगल्या स्कीपटूला मोह पडतो तोही नेमका त्याच उताराचा. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू दगावले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. कौशल्य तिथे ढाल ठरत नाही. चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलन इशारा त्या दिवशी सकाळी वाचावा आणि नवशिक्याने दाबलेला उतार सोडूच नये.

बर्फाशिवाय सराव होत नाही, हा समज भिलाईत राहूनही मोडता येतो. इनलाइन स्केट्सवर रुंद वळणं घेताना बाहेरच्या पायावर भार द्यावा लागतो, आणि स्कीपटूही हिमविरहित महिन्यांत हा सराव करतात. एका पायावर तोल धरणं, हळू बैठका, भिंतीला पाठ टेकवून अर्धवट बसून राहणं, एवढं दीड-दोन महिने केलं तर मांड्या साथ देतात. जायची वेळही ठरवता येते. गुलमर्गला जानेवारी-फेब्रुवारीत खोल, कोरडा बर्फ मिळण्याची शक्यता जास्त. मार्चमध्ये रात्री गोठलेला उतार सकाळी टणक, उन्हं वर आल्यावर वरचा पातळ थर सैल आणि दुपारी सगळं ओलं. पहिल्यांदा शिकणाऱ्याने मार्चमध्ये मधला वेळ वळणांसाठी राखावा आणि सकाळचा पहिला तास कडेवर उभं राहून आडवं घसरत थांबायच्या सरावाला द्यावा.