एका संगणकावर एकाच आज्ञावलीचे दोन संच

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातील गाव. म्हातोबाच्या बगाडामुळे पंचक्रोशीस पूर्वीपासून परिचित असलेले हे नाव राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे देशभर झाले. तेथील कचेऱ्यांतून आज्ञावल्या, म्हणजे ज्यांना आपण व्यवहारात सॉफ्टवेअर म्हणतो त्या, रचल्या व तपासल्या जातात. हे काम करणाऱ्याच्या संगणकावर एकाच आज्ञावलीच्या दोन-तीन आवृत्त्या शेजारी शेजारी नांदत असणे ही नित्याची बाब आहे. एक ग्राहक जुनी आवृत्ती वापरतो, दुसरा नवी. दोघांच्याही अडचणी पाहावयाच्या असतात. आपल्या शाळेतील एकुलत्या एका संगणकाशी याचा काय संबंध, असे शिक्षकबंधुभगिनींस वाटेल. तो कसा येतो हे एका प्रसंगावरून सांगतो.

एका शाळेत जुने निकालपत्रक उघडावयाचे होते. एका माजी विद्यार्थिनीस गुणांचा दाखला हवा होता. संगणकावरील मराठी टंकलेखनाची जुनी आज्ञावली काढून नवी बसविलेली होती. पत्रक उघडले, पण नावांच्या जागी रोमन अक्षरे व चिन्हे यांची खिचडी दिसू लागली. पत्रक नष्ट झाले असे समजून मुख्याध्यापक हताश झाले होते. वस्तुतः एकही अक्षर नष्ट झालेले नव्हते. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी टंक हे रोमन अक्षरांच्या संकेतांवर मराठी आकार चढवून केलेले असत. तो टंक संगणकावरून गेला की खालचे संकेत उघडे पडतात. त्या दिवशी कपाटातील जुनी तबकडी सापडली, जुनी आज्ञावली नवीच्या शेजारी वेगळ्या जागी बसविली, आणि मुलीचे गुण मिळाले. तबकडी सापडली नसती तर काय झाले असते, हे सांगावयास नको.

आता एकाच आज्ञावलीचे दोन संच एकत्र चालतात कसे? आपल्यापैकी अनेकांनी एकाच खोलीत दोन इयत्ता सांभाळल्या आहेत. तिसरीस उदाहरणे सोडवावयास देऊन शिक्षक चौथीकडे वळतो, पुन्हा तिसरीकडे येतो. संगणकाचा प्रक्रियक हेच करतो, मात्र सेकंदाच्या अत्यल्प अंशात; त्यामुळे दोन्ही कामे एकाच वेळी चालल्याचा भास होतो. (आधुनिक प्रक्रियकांत असे अनेक ‘शिक्षक’ असतात, ही गोष्ट वेगळी.) चालू असलेल्या प्रत्येक संचास स्मृतीचा स्वतंत्र भाग मिळतो व एकाने दुसऱ्याच्या भागात हात घालू नये याची दक्षता संगणकाची कार्यप्रणाली घेते. तेव्हा खरी अडचण चालविण्यात नसून सामाईक वस्तूंत आहे.

एका वाड्यात दोन भाऊ वेगळे झाले, चुली दोन झाल्या, पण आड एकच राहिला, तर भांडण आडावरच व्हावयाचे. आज्ञावलीचा मुख्य भाग एका कप्प्यात असतो, पण तिच्या आवडीनिवडी, म्हणजे मांडणी, भाषा, खुणा इत्यादी, वापरणाऱ्याच्या नावाच्या दुसऱ्याच कप्प्यात साठविलेल्या असतात. दोन आवृत्त्या वेगळ्या कप्प्यांत बसविल्या तरी या नोंदी एकच राहिल्यास नवी आवृत्ती त्या आपल्या पद्धतीने लिहून ठेवते व जुनीस त्या वाचता येत नाहीत. फायरफॉक्स या ब्राउझरने म्हणूनच २०१९ साली ६७ व्या आवृत्तीपासून प्रत्येक संचास स्वतंत्र नोंदवही देण्याचा प्रघात पाडला. टंकांची गोष्टही अशीच. ते साऱ्या संगणकाचे सामाईक असतात, आणि एकाच नावाचा नवा टंक जुन्यावर बसला की जुना गेला.

प्रत्यक्षात करावयाचे ते असे. नवी आवृत्ती बसविताना ‘कोठे बसवू’ असे विचारले जाते तेथे निराळा कप्पा सांगावा. ज्या आज्ञावल्या असे न विचारता जुनीच्या जागी नवी बसवितात, त्यांच्याबाबत स्थापनेवाचून चालणारी, पेनड्राइव्हवरही ठेवता येणारी प्रत मिळते का ते पाहावे. लिबरऑफिसची अशी प्रत विनामूल्य मिळते. काहीही करण्यापूर्वी जुन्या पत्रकांची नक्कल निराळ्या साधनावर घ्यावी, आणि पत्रक नव्या आवृत्तीत उघडून त्यावरच साठवू नये, दुसऱ्या नावाने साठवावे. विकत घेतलेल्या आज्ञावलीचा परवाना दोन संचांस मुभा देतो की नाही, तेही वाचणे अवश्य आहे.

पुष्कळदा दोन संचांची गरजच नसते. दोन वर्गांच्या मुलांची प्रगती एकमेकांत मिसळू नये, एवढाच हेतू असेल तर संगणकावर प्रत्येक वर्गाचे स्वतंत्र खाते उघडावे. आज्ञावली एकच राहते, नोंदी आपोआप वेगळ्या होतात. हा मार्ग सर्वांत सोपा असून तोच सर्वांत कमी वापरला जातो, याचे मला नवल वाटते.

जेथे जुनी आज्ञावली नव्या कार्यप्रणालीवर चालतच नाही, तेथे संगणकाच्या पोटात दुसरा आभासी संगणक निर्माण करून त्यात जुनी कार्यप्रणालीच बसविता येते. ही कल्पना नवी नव्हे. आयबीएम कंपनीने १९७२ साली आपल्या मोठ्या यंत्रांसाठी अशी सोय बाजारात आणली होती, आणि १९९९ पासून ती साध्या घरगुती संगणकावरही मिळू लागली. परंतु आभासी संगणक खऱ्याच्या स्मृतीतूनच आपला वाटा घेतो. चार जीबी स्मृतीच्या शालेय संगणकावर त्यास दोन जीबी दिल्यास दोन्ही रखडत चालतात. अशा वेळी इतर सर्व कामे बंद करून, आभासी संगणकात जुने पत्रक उघडावे, ते छापून घ्यावे किंवा पीडीएफ रूपात साठवावे, आणि मग तो मिटवावा.