शब्दांचा लमाण

मंगरूळपीरच्या आसपास बंजारा समाजाचे तांडे आहेत. शेजारच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे तर या समाजाचे मोठे तीर्थक्षेत्र होय. या समाजाला लमाण असेही म्हणतात. आगगाडी आणि पक्क्या सडका नव्हत्या, त्या काळी लमाण लोक बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून दूरदूरच्या मुलखांत नेत असत. बैलांचे मोठमोठे तांडे रानावनांतून आणि डोंगरघाटांतून वाट काढीत जात. मीठ पिकविणारा एकीकडे, ते खाणारा दुसरीकडे. मधला वाहणारा नसता, तर पिकविणाऱ्याचे मीठ त्याच्या आगरातच पडून राहिले असते.

मराठी रंगभूमीवरील एका थोर नटाने आपल्या आत्मचरित्रास ‘लमाण’ हेच नाव दिले. ते नट म्हणजे डॉ. श्रीराम लागू. कीर्तीचा डौल मिरविणारे एखादे नाव त्यांना सहज देता आले असते. मग त्यांनी हेच नाव का दिले? नाटककार शब्द पिकवितो, प्रेक्षक त्यांचा आस्वाद घेतो, आणि नट हा त्या दोघांमधील वाहणारा असतो. माल दुसऱ्याचा, तो वाटेत न सांडता, त्यात भेसळ न करता ज्याचा त्याला पोचविणे, एवढेच आपले काम, असा त्या नावाचा अर्थ आहे.

डॉ. लागूंचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७ रोजी सातारा येथे झाला. त्यांचे वडील डॉक्टर होते. मुलगाही पुण्यास वैद्यकाचे शिक्षण घेऊ लागला आणि तेथेच त्याला नाटकाची गोडी लागली. पुढे कान, नाक व घसा यांच्या शस्त्रक्रियेत ते तरबेज झाले. अधिक शिक्षणासाठी ते कॅनडा व इंग्लंड येथे गेले. पुण्यात आणि नंतर आफ्रिकेतील टांझानिया देशात त्यांनी रोग्यांवर उपचार केले. परंतु नाटकाचा ध्यास काही सुटला नाही. पुण्यातील ‘प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन’ या संस्थेच्या नाटकांतून ते हौसेने कामे करीत असत.

अखेर १९६९ साली त्यांनी एक धाडसी निर्णय घेतला. डॉक्टरकी सोडून पूर्ण वेळ नट व्हावयाचे! त्या वेळी त्यांच्या वयाची चाळिशी उलटली होती. हाती मानाचा आणि निश्चित मिळकतीचा व्यवसाय होता. उलट, नाटकाच्या व्यवसायात आज टाळ्यांचा कडकडाट, तर उद्या रिकाम्या खुर्च्या! शिवाय, परदेशी जाऊन मिळविलेली विद्या वाया घालविली, असा बोल लावणारेही समाजात असतातच. तरीही डॉ. लागू या वाटेवर उतरले. दोन दगडींवर पाय ठेवून चालणे त्यांना मान्य नव्हते.

लवकरच त्यांच्या खांद्यावर एक मोठे ओझे आले. कविवर्य कुसुमाग्रज, म्हणजेच वि. वा. शिरवाडकर, यांनी ‘नटसम्राट’ हे नाटक लिहिले. ‘दी गोवा हिंदू असोसिएशन’ या संस्थेने २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईस त्याचा पहिला प्रयोग केला. दिग्दर्शक होते नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर. या नाटकाचा नायक गणपतराव बेलवलकर हा एक वृद्ध नट आहे. तो आपले सारे धन मुलामुलीस वाटून देतो आणि मग त्यांच्याच घरी नकोसा होतो. शेवटी रस्त्यावर बूट पॉलिश करणारा एक पोर त्याला आसरा देतो. ही भूमिका डॉ. लागूंनी प्रथम उभी केली. तेव्हा ते अवघे त्रेचाळीस वर्षांचे होते. पण प्रेक्षकांना रंगमंचावर दिसत होता एक थकलेला, अपमानाने पोळलेला म्हातारा.

या कथेचे नाते दूरच्या एका नाटकाशी आहे. सुमारे चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये शेक्सपिअर या महाकवीने ‘किंग लिअर’ हे नाटक लिहिले. त्यातील राजाही आपले राज्य मुलींना वाटून देतो आणि निराधार होतो. लिअरची भूमिका त्या काळी रिचर्ड बर्बेज या विख्यात इंग्रज नटाने प्रथम केली. पुढे अनेक देशांतील नटांनी तो माल खांद्यावर घेतला. बापाचे ते दुःख कुसुमाग्रजांच्या प्रतिभेने मराठी घरात आणून वसविले आणि डॉ. लागूंनी ते हजारो प्रेक्षकांच्या अंतःकरणात पोचविले.

मीठ वाहण्यास बैल लागतात. शब्द वाहण्यास काय लागते? आवाज, श्वास, स्मरण आणि समजूत. कुजबुजही शेवटच्या रांगेस ऐकू गेली पाहिजे. मोठ्याने बोलतानाही शब्दाचा चुरा होता कामा नये. कोठे थांबावे, हेही नटास कळावे लागते. घशाचे विकार बरे करणाऱ्या या डॉक्टराने स्वतःच्या गळ्यास असेच राबविले.

‘हिमालयाची सावली’, ‘सूर्य पाहिलेला माणूस’ अशा नाटकांतून आणि ‘पिंजरा’, ‘सामना’ अशा चित्रपटांतून त्यांनी निरनिराळी माणसे उभी केली. ‘गांधी’ या १९८२ सालच्या चित्रपटात ते गोपाळ कृष्ण गोखले झाले होते. अभिनयापलीकडेही त्यांची दृष्टी होती. समाजासाठी आयुष्य वेचणाऱ्या कार्यकर्त्यांना आधार मिळावा, म्हणून ‘सामाजिक कृतज्ञता निधी’ उभा राहिला, तेव्हा त्यासाठी त्यांनी सहकलावंतांसह नाटकाचे प्रयोग केले.

१७ डिसेंबर २०१९ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. तत्पूर्वीच दत्ता भट, सतीश दुभाषी अशा नटांनी बेलवलकरांची भूमिका आपापल्या परीने पुढे नेली होती. वाहणारे बदलतात, माल पुढे जात राहतो.

मुलांनो, वर्गात उभे राहून तुम्ही एखादा धडा मोठ्याने वाचता, तेव्हा तुमच्याही हाती दुसऱ्याचा माल असतो. शेवटच्या बाकावरील मुलाला तो नीट ऐकू आला, नीट उमजला, तर खुशाल समजा की तुमचा तांडा मुक्कामी सुखरूप पोचला!